सात हजार डॉलरची गिटार: हौस की हिशेब?



गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "काय रे, त्या गिटारला खरंच सात हजार डॉलर मोजलेस?" विचारणाऱ्यांत आमच्या गुंगालिनमधले शेजारी आहेत, ऑफिसातले लोक आहेत, गणपतीत भेटलेली मित्रमंडळी आहेत, आणि पुण्याहून फोनवर आमच्या मातोश्री तर आहेतच. आईचा प्रश्न जरा वेगळा असतो. "सात हजार रुपये म्हणायचंय ना तुला?" :-)

दोन मिनिटांत द्यायचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आणि शिक्षणाने इंजिनिअर, तेव्हा थोडी आकडेमोड होणारच. संगीतातले जाणकार आपल्यात बरेच आहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी फॅक्टरीतल्या गिटारबद्दल

हातानं बनवलेली गिटार म्हटलं की फॅक्टरीच्या गिटारला नावं ठेवायची एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. आज पाचशे ते हजार डॉलरमध्ये जी गिटार मिळते, तशी मी कॉलेजात असताना डोळ्यांनीही पाहिली नव्हती. सांगलीला वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्हा आठ जणांत मिळून एक गिटार होती. तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या वर होत्या की एफ कॉर्ड वाजवणं हा व्यायामप्रकार होता. तरी चार वर्षं तिनं गॅदरिंगं काढली.

इकडे ऑस्ट्रेलियात तर चांगल्या फॅक्टरी गिटारची परंपरा आहे. मेलबर्नमधली मेटन ही कंपनी १९४६ साली बिल मे यांनी सुरू केली. 'मॅच्युअर टोन' या शब्दांवरून तिचं नाव पडलं. टॉमी इमॅन्युएल यांच्या हातात जी गिटार दिसते ती मेटनचीच. क्वीन्सलँड मेपल, ब्लॅकवूड अशी इथली लाकडं वापरून ही कंपनी आणि तिच्या नंतर आलेली कोल क्लार्क यांनी जे काम केलंय ते जगात कुठेही मान वर करून मिरवावं असं आहे. दोन-तीन हजार डॉलरमध्ये आयुष्यभर पुरेल अशी गिटार मिळते.

मग कुणी कारागिराकडे जाऊन, वर्षभर थांबून, दुप्पट-तिप्पट पैसे कशाला मोजावेत? प्रश्न रास्त आहे.

माझं कारण

माझं कारण मनगट. पंधरा वर्षं कीबोर्ड बडवून डाव्या मनगटानं आणि अंगठ्यानं तक्रार सुरू केली. फिजिओनं सांगितलं की काम सोडता येणार नाही हे मला माहीत आहे, पण गिटार कशी धरतोस ते एकदा दाखव. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार, तिच्यावरून आणलेला उजवा खांदा, आणि जाड मानेभोवती वळलेला डावा अंगठा पाहून ती म्हणाली, "एक तर हे वाद्य बदल, नाही तर वाजवणं कमी कर."

वाजवणं आधीच कमी होतं. नोकरी, घराचे हप्ते, मुलीची शाळा यातून रात्री साडेनऊनंतर मिळणारा अर्धा तास हीच काय ती माझी चैन. ती सोडायची नव्हती. म्हणून लहान आकाराच्या गिटार शोधायला लागलो. दुकानातल्या तयार गिटारींत मला हवं त्यातलं ऐंशी टक्के मिळत होतं. एकीचं अंग बरोबर, पण मान जाड. दुसरीची मान छान, पण तारांची लांबी जास्त, म्हणजे ताण जास्त. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मी कारागिराकडे गेलो.

कॅनबेरा हे गिटारचं गाव आहे

हे इथे येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. सरकारी कचेऱ्या, गोल रस्ते आणि कांगारू एवढीच आपली कॅनबेराची कल्पना असते. पण गिटार ट्रेक हा चार गिटारवादकांचा चमू १९८७ साली इथेच टिमथी केन यांनी सुरू केला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे चौघांच्या हातात चार वेगळ्या पट्टीच्या गिटार: ट्रेबल, नेहमीची, बॅरिटोन आणि बेस. व्हायोलिन, व्हिओला, चेलो असं जसं कुटुंब असतं, तसं गिटारचं कुटुंब. ग्रॅहम काल्डरस्मिथ या कारागिरांनी या कुटुंबावर काम केलं. त्यांचा ध्वनिशास्त्राचा अभ्यास होता आणि गिटारचं पोट आवाज कसा बाहेर टाकतं यावर त्यांनी शोधनिबंधही लिहिले.

न्यू साउथ वेल्समध्ये ग्रेग स्मॉलमन यांनी गिटारच्या आतली रचनाच बदलून टाकली. गिटारची पुढची फळी, जिला आपण सतारीची तबली म्हणतो, ती आतून चिकटवलेल्या पट्ट्यांनी बळकट केलेली असते. स्मॉलमननी बाल्साचं हलकं लाकूड आणि कार्बन फायबर यांची जाळी करून ती फळी नेहमीपेक्षा कितीतरी पातळ ठेवली. जॉन विल्यम्स १९८१ पासून स्मॉलमनची गिटार वाजवू लागले, आणि या जाळीची नक्कल जगभर सुरू झाली.

आणि आम्हा गुंगालिनवाल्यांच्या तर दारातच ईस्टरला नॅशनल फोक फेस्टिव्हल भरतो. एक्झिबिशन पार्क म्हणजे इथून ट्रामने काही मिनिटं. तिथेच एका कारागिराशी माझी ओळख झाली. त्याचं वर्कशॉप कॅनबेराबाहेर, यासच्या बाजूला. नाव मुद्दाम देत नाही, कारण गृहस्थ एकटे काम करतात, वर्षाला सात-आठ गिटार बनवतात आणि फोन आला की करवत बाजूला ठेवावी लागते म्हणून वैतागतात.

हातानं घडवणं म्हणजे नक्की काय

माझा समज असा होता की आपण लाकूड निवडायचं, नक्षी निवडायची आणि पैसे द्यायचे. पहिल्या भेटीत त्यानं लाकडाचा विषयच काढला नाही. मला तासभर वाजवायला लावलं. माझ्या हाताची मापं घेतली. बसतो कसा, नखांनी वाजवतो की प्लेक्ट्रमनं, गाण्याला साथ करतो की एकटा वाजवतो, तारा कुठल्या जाडीच्या लावतो, हे सगळं एका वहीत लिहून घेतलं. आमच्या क्षेत्रात याला रिक्वायरमेंट्स गॅदरिंग म्हणतात आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथेच गळपटतात. :-)

त्यातून ठरलं ते असं. तारांची लांबी ६३२ मिलिमीटर. मोठ्या गिटारला साधारण ६४५ असते. फरक तेरा मिलिमीटरचा, पण ताण कमी होतो आणि बोटं कमी फाकवावी लागतात. मानेच्या टोकाशी रुंदी ४४ मिलिमीटर, कारण मी बोटांनी वाजवतो. अंग लहान आणि डाव्या बाजूपेक्षा उजव्या बाजूला थोडं जास्त खोल, म्हणजे हात टेकतो ती कड पातळ.

मग त्यानं फळीची परीक्षा दाखवली. स्प्रूसच्या चार फळ्या एकेक करून दोन बोटांत धरल्या आणि नखानं वाजवल्या. दोन 'टक' करून गप्प झाल्या, एक बऱ्यापैकी वाजली, चौथी घंटेसारखी घुमत राहिली. गिटारच्या सहा तारा मिळून फळीवर साधारण सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. फळीची जाडी असते अडीच-तीन मिलिमीटर. जाड ठेवली तर कधीच मोडणार नाही, पण वाजणारही नाही. पातळ केली तर छान वाजेल आणि काही वर्षांत घोडीपाशी फुगेल. फॅक्टरीला वॉरंटी द्यायची असते, हजारो फळ्या एकाच मापाच्या कापायच्या असतात, म्हणून ती सुरक्षित बाजूला राहते. कारागीर प्रत्येक फळी वाकवून, वाजवून, तिच्यापुरता निर्णय घेतो. आतली पट्टी रंध्यानं छिलायची, टकटक करायची, पुन्हा छिलायची. कधी थांबायचं हे कळणं हीच त्याची विद्या.

लाकडाचं गूळ आणि खोबरं

लाकडाबद्दल गिटारवाले लोक जे बोलतात ते ऐकून वाइनवाल्यांनीही लाजावं. कुठल्या लाकडाचा आवाज चॉकलेटसारखा, कुठल्याचा मधासारखा. म्हणून एक प्रयोग सांगतो. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त मागची आणि बाजूची लाकडं वेगळी: ब्राझिलियन रोझवूड, इंडियन रोझवूड, महोगनी, मेपल, सॅपेली आणि अक्रोड. मग ५२ गिटारवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. २०१८ साली निष्कर्ष छापून आला: आवाजाला मिळालेल्या गुणांत म्हणावा असा फरक नाही. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त लाकूड जवळपास एकाच रांगेत.

यात नवल काही नाही. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ साली मागची आणि बाजूची अंगं चक्क पुठ्ठ्याची करून गिटार बनवली होती, पुढची फळीच खरी हे दाखवायला.

मागच्या लाकडाचा मान आवाजापेक्षा रूपाला आणि दुर्मिळतेला आहे. आणि इथे आपला संबंध येतो. इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव. ब्राझिलियन रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९६९च्या सुमारास शिसवाकडे वळली, आणि तेव्हापासून जगातल्या असंख्य चांगल्या गिटारींच्या पाठी दक्षिण भारतातल्या शिसवाच्या आहेत. आजीच्या घरचा शिसवी झोपाळा आणि अमेरिकेतली गिटार ही एकाच कुळातली.

प्रवास करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जानेवारी २०१७ मध्ये रोझवूडच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आल्या आणि गिटार घेऊन विमानात बसणाऱ्यांची धांदल उडाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही. त्याच्यावरचे निर्बंध १९९२ पासून आहेत आणि ते कडक आहेत. तेव्हा जुनी महागडी गिटार परदेशातून घेताना पाठीचं लाकूड कुठलं ते आधी विचारा.

मी टास्मानियन ब्लॅकवूड घेतलं. इथलंच झाड, दिसायला सुंदर, आणि शिसवापेक्षा आवाजात कमी पडतं असं मला तरी जाणवलं नाही.

पैसे जातात कुठे

आता आकडे. एकूण किंमत ७,४०० डॉलर, जीएसटी धरून. कारागिरानं स्वतःहून कागद पुढे केला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोकांना वाटतं तो डॉलर छापतोय.

जीएसटी गेला ६७३ डॉलर. लाकूड, खुंट्या, फ्रेटच्या तारा, हाड, गोंद, पॉलिश मिळून साधारण १,०००. पेटी ३००. वर्कशॉपचं भाडं, वीज, विमा, पात्यांना धार यांचा एका गिटारमागे येणारा वाटा १,२००. उरले ४,२२७. त्याचे तास साधारण १४०. भागाकार करा: ताशी ३० डॉलर.

हे २०२३ सालचे आकडे. त्या वर्षी जुलैपासून ऑस्ट्रेलियातलं किमान वेतन ताशी २३.२३ डॉलर होतं आणि कॅज्युअल कामगाराला पंचवीस टक्के वाढीव धरून २९ डॉलरच्या वर. म्हणजे तीस वर्षं हा उद्योग केलेल्या माणसाला किमान वेतनावरच्या कॅज्युअल कामगारापेक्षा जेमतेम एक डॉलर जास्त मिळतो. सुट्टी नाही, सुपर नाही, आणि फळी शेवटच्या टप्प्यावर तडकली तर ते तास फुकट.

मी कॉन्ट्रॅक्टवर काम करतो तेव्हा माझा ताशी दर याच्या कितीतरी पट असतो. मी लिहिलेला कोड तीन वर्षांनी कुणी पुसूनही टाकलेला असतो. हे लिहिताना कसलीही अपराधी भावना वगैरे नाही, बाजार असाच चालतो. पण "एवढी महाग?" या प्रश्नाचं उत्तर त्या भागाकारात आहे. गिटार महाग नाही. कॅनबेराच्या आसपास राहून, भाडं आणि वीजबिल भरून, एका माणसाचे १४० तास विकत घेणं महाग आहे.

कागदावर न दिसणारा खर्च

पहिला खर्च वाट पाहण्याचा. ऑर्डर दिल्यापासून हातात यायला तेरा महिने लागले. नावाजलेल्या कारागिरांकडे याहून कितीतरी मोठी रांग असते.

दुसरा, न वाजवता घेण्याचा. दुकानात तुम्ही दहा गिटार वाजवून एक उचलता. इथे तुम्ही माणूस निवडता आणि गिटार पुढे जे होईल ते.

तिसरा, परत विकण्याचा. मेटन किंवा मार्टिनला बाजारात ठरलेला भाव असतो. यासच्या रस्त्यावरच्या एकट्या कारागिराच्या गिटारला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि माझ्या अंगठ्याच्या मापाची मान दुसऱ्याला कशाला हवी? ही गुंतवणूक नव्हे. कुणी गुंतवणूक म्हणून सांगत असेल तर नमस्कार करून निघा.

चौथा, हवेचा. कॅनबेरात हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, दिवसरात्र हीटर चालतो आणि घरातली हवा कोरडी ठणठणीत होते. गिटारला सोसते ती साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. त्याखाली गेली की फळी आकसते, फ्रेटची टोकं बाहेर टोचायला लागतात, मग तडा. पातळ फळीच्या गिटारला हे जास्त लवकर होतं. म्हणून पेटीत आर्द्रतामापक, ओला स्पंज असलेली डबी, आणि जून ते ऑगस्ट दर आठवड्याला पाणी. आमच्याकडे तुळस आणि गिटार यांना पाणी घालायची पाळी मुलीकडे आहे.

पाचवा खर्च बायकोच्या नजरेतला. "या पैशात आपण तिघं पुण्याला जाऊन आलो असतो" हे वाक्य खरं होतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोन वर्षं घरातला दुसरा मोठा खर्च पुढे ढकलला, भारताची फेरी एक वर्षानं लांबवली आणि मग ऑर्डर दिली. हप्ते चालू असताना कर्ज काढून हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मान आणि मिरज

माझ्या गिटारची मान ऑस्ट्रेलियन रेड सीडरची आहे. लालसर, हलकं, सुवासिक लाकूड. एकोणिसाव्या शतकात इथल्या किनारपट्टीवरची ही झाडं 'लाल सोनं' म्हणून इतकी तोडली की आता मोठं झाड विरळाच. शास्त्रीय नाव विचारलं तर तो म्हणाला, टूना सिलिआटा. घरी येऊन शोधलं आणि उडालोच. टूना म्हणजे आपला तून. मिरजेच्या सतारी ज्या लाकडाच्या होतात तोच हा तून, एकच जात!

वालचंदमधून मिरज म्हणजे सिटी बसचा प्रवास. त्या वयात सतारमेकर गल्लीत मी फार तर तीनदा गेलो असेन. दारापुढे वाळत घातलेले भलेमोठे भोपळे आणि आतून येणारा रंध्याचा आवाज एवढंच आठवतं. मिरजेचा हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यदुरुस्तीतून तो उभा केला, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि आडनावच सतारमेकर झालं. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात नांदले. तानपुरा कसा बोलायला हवा हे सांगणारे कान चार पावलांवर होते.

२०२२ साली बायकोसाठी आम्ही मिरजेहून तानपुरा करून घेतला. ती किराणा गायकी शिकतेय, ऑनलाइन. कारागिरानं तिचा आवाज फोनवर ऐकला, काळी चार की पाच ते विचारलं, बसून गाते की खुर्चीवर ते विचारलं. पंढरपूरकडचा भोपळा, तुनाची दांडी, सहा आठवडे. शेवटचा दिवस फक्त जवारीचा. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं किंचित घासायचा, तार छेडायची, खाली सुताचा दोरा सरकवायचा, पुन्हा घासायचं, तार आपोआप झणकारून उघडेपर्यंत. याला मोजपट्टी नाही. यासच्या रस्त्यावरचा माणूस पट्टी छिलून टकटक करतो आणि मिरजेतला घोडी घासून तार छेडतो, दोघं करतात ते एकच काम.

त्याची किंमत झाली ३६,००० रुपये, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहा-साडेसहाशे डॉलर. आमच्या मामांनी सवयीप्रमाणे "काही कमी करा, पोरं परदेशातून आलीत" असं म्हणून पाहिलं. कारागीर हसला आणि म्हणाला, "साहेब, परदेशातून आलीत म्हणून तर कमी करू नये."

हे वाक्य तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. गिटारचा भागाकार केल्यावर ते पुन्हा आठवलं. गिटार आणि तानपुरा यांची सरळ तुलना होत नाही हे मान्य. तास वेगळे, सामान वेगळं. पण इकडे आपण 'हँडमेड' या शब्दासाठी दहापट रक्कम घासाघीस न करता देतो आणि तिकडे तोच शब्द दीडशे वर्षं जगणाऱ्या गल्लीत जाऊन पाचशे रुपये सुटतात का बघतो. यासचा कारागीर कसाबसा किमान वेतनावर टिकून आहे. मिरजेतल्याला ते वेतनही माहीत नाही, वर मोबाइलवरचा तानपुरा फुकट. मग त्या घरातला मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा पुण्याला नोकरी धरतो यात त्याचा काय दोष?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट झाली. दुसरीकडे केलेलं वाद्य मिरजेच्या नावानं विकायला त्यानं आळा बसू शकतो. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, हाताचं नाही. हात टिकायचे तर त्या हातांना गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाइकानं तासांचे पैसे द्यायला हवेत.

तर घ्यावी का?

माझा अनुभव असा, पटला तर घ्या.

एक, आत्ताची गिटार नक्की कुठे खुपते हे सांगता येत नसेल तर कारागिराकडे जाऊ नका. चांगली सेकंडहँड फॅक्टरी गिटार घ्या आणि जाणत्या माणसाकडून सेटअप करून घ्या. शंभर-दीडशे डॉलरमध्ये तारांची उंची आणि फ्रेट बरोबर झाले की निम्म्या तक्रारी मिटतात.

दोन, शरीराची अडचण असेल, म्हणजे मनगट, खांदा, लहान हात, डावखुरेपणा, तर तयार लहान गिटार आधी वाजवून बघा. तरी जमलं नाही तर मापाची गिटार ही चैन राहत नाही.

तीन, वर्कशॉपला जाता येईल असा कारागीर निवडा आणि त्यानं केलेल्या निदान दोन गिटार वाजवा. दोन्हींत जे समान ऐकू येईल तेच तुम्हाला मिळणार आहे.

चार, पाठीच्या दुर्मिळ लाकडासाठी जास्तीचे पैसे देण्याआधी ते वेल्डिंगचे चष्मे आठवा.

पाच, आणि हे गिटार न वाजवणाऱ्यांसाठी. पुढच्या भारतवारीत घरात कुणी गाणारं असेल तर मिरजेला एक दिवस ठेवा. ऑर्डर दोन-तीन महिने आधी फोनवर द्या, घाई करू नका. भोपळा आणि लाकूड दोन्ही इकडच्या विमानतळावर कार्डावर जाहीर करावे लागतात. आमच्या वेळी अधिकाऱ्यानं भोपळ्यात टॉर्च मारून बघितलं आणि सोडलं. पावसाळ्यात केलेलं वाद्य थेट कॅनबेराच्या हिवाळ्यात आणू नका, तडकायची भीती. आणि किंमत सांगतील तेवढी द्या.

गिटार घरी येऊन वर्ष उलटलं. मनगट पूर्ण बरं झालंय असं नाही, पण अर्धा तास वाजवून दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बसता येतं. रविवारी सकाळी बायको तानपुरा लावते तेव्हा मी गप्प बसून ऐकतो, कारण गिटारचे फ्रेट आणि तिचे सूर यांचं जमत नाही. त्या भांडणावर पुन्हा कधीतरी.

तुमच्यापैकी कुणी सिडनी-मेलबर्नकडे वाद्य करून घेतलं असेल, किंवा इकडे जवारी काढून देणारं कुणी माहीत असेल, तर जरूर कळवा. आमच्या तानपुऱ्याची जवारी आता उतरायला लागली आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.